विशेष शिक्षिकेची वही

माझ्या दवाखान्यातील टेबलाच्या खालच्या खणात एक दोनशे पानी वही आहे. तपकिरी कागदाचे वेष्टण, त्यावर वळणदार अक्षरात एका मुलाचे नाव, आणि खाली 'वर्तन नोंद' असे दोन शब्द. ही वही माझी नव्हे. आपल्या हैदराबादेतील एका विशेष शाळेत अकरा वर्षे शिकवलेल्या एका बाईंची ती आहे. त्या आता शिकवत नाहीत. एका साड्यांच्या दुकानात हिशेब पाहतात, आणि तेथे आपण सुखी आहोत असे त्यांनी मला मागे एकदा सांगितले. त्यांनी शाळा का सोडली याची कारणे मी गेली काही वर्षे शोधते आहे. शोधता शोधता त्या कारणांत माझेही नाव आढळले; म्हणून संपादकांनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

मुलाला आपण चिन्मय म्हणू. वय नऊ वर्षे, स्वमग्नता आणि जोडीला अपस्मार. चार वर्षे तो व्हॅल्प्रोएटवर होता. वजन भराभर वाढू लागले आणि झटकेही पुरते थांबेनात, म्हणून एका जून महिन्यात मी त्याला लेव्हेटिरासिटॅम सुरू केले. झटके थांबले. आई-वडील समाधानी, मी समाधानी. सात आठवड्यांनी आई आली ती रडवेली होऊन. चिन्मय शाळेत चावतो, ओरबाडतो, एका मुलीच्या गालावर त्याने व्रण उठवला. शाळा म्हणते काही दिवस घरी ठेवा. आणि वर्गाच्या बाई बदलल्याशिवाय हे थांबायचे नाही असे तिचे ठाम मत झालेले. बोलता बोलता तिने पिशवीतून ती वही काढून टेबलावर ठेवली. "बाई म्हणाल्या, डॉक्टरांना दाखवा. मागच्या वेळीसुद्धा दिली होती त्यांनी."

मागच्या वेळी, म्हणजे पाच आठवड्यांपूर्वी. मला आठवले. वही मी तेव्हा हातात घेतली होती, दोन पाने चाळली होती, आणि बाहेर तापाची पंधरा मुले खोकत बसलेली असल्याने "छान, छान" म्हणून परत केली होती.

या वेळी मी ती वाचली. प्रत्येक चाव्याची नोंद होती: आधी काय घडले, कोणाला चावला, नंतर काय केले, किती मिनिटांत शांत झाला. शाळेचे अधिकृत तक्ते इंग्रजीत असतात. ही वही बाईंची स्वतःची, म्हणून मराठीत. जूनच्या मध्यापर्यंत आठवड्याला दोन-तीन नोंदी. मग एका तारखेपासून रोज पाच-सहा. त्या तारखेभोवती लाल पेनाने चौकट काढलेली आणि समासात प्रश्न: 'घरी काही बदल? आईला विचारले, नाही म्हणाली. औषध?' आईच्या लेखी औषध बदलणे हा घरातला बदल नव्हताच. ती तारीख मी औषध सुरू केल्यानंतरची तिसऱ्या दिवसाची होती.

लेव्हेटिरासिटॅममुळे काही मुलांत चिडचिड आणि आक्रमकता येते हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. आईला मी ते सांगितले होते का? सांगितले असेन, घाईत. शाळेला कळवले नव्हते हे मात्र निश्चित. कारण शाळेला काही कळवायचे असते ही कल्पनाच माझ्या मनात नव्हती. औषध टप्प्याटप्प्याने बदलले आणि महिन्याभरात चावणे पूर्वीच्या पातळीवर आले. परंतु तोवर बाईंकडे लेखी खुलासा मागितला गेला होता, पालकसभेत दोघांनी त्यांच्या 'हाताळणी'विषयी शंका काढली होती, त्यांच्या डाव्या दंडावर चार ठिकाणी दातांचे ठसे होते, आणि दसऱ्याच्या सुट्टीनंतर त्या शाळेत परत गेल्या नाहीत.

एका औषधापायी एक शिक्षिका गेली, असे म्हणून मी स्वतःला हवे तर दोष देऊ शकले असते, हवे तर मोकळेही करू शकले असते. पण त्यांना नंतर भेटले तेव्हा त्यांनी स्वतःच ते खोडून काढले. "डॉक्टर, ते निमित्त झालं. मी त्याआधी दोन वर्षं संपलेच होते."

बर्नआउट हा शब्द आता आपल्या परिषदांतही ऐकू येतो, पण बहुधा आपल्याविषयीच: निवासी डॉक्टर, अतिदक्षता विभाग, रात्रपाळ्या. तो प्रथम रूढ केला न्यूयॉर्कमधील मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी, १९७४ साली, मोफत दवाखान्यांत झोकून देऊन काम करणाऱ्या कार्यकर्त्यांविषयी लिहिताना. पुढे ख्रिस्तिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये त्याची मोजपट्टी तयार केली आणि त्याची तीन अंगे सांगितली. भावनिक शीण हे पहिले. समोरच्या माणसाकडे माणूस म्हणून न पाहता वस्तू म्हणून पाहू लागणे हे दुसरे. आणि आपल्या हातून काहीच घडत नाही ही भावना हे तिसरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झाले, बर्नआउटला जागा आहे, परंतु आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा, आवर न घातला गेलेला ताण म्हणून. मला हा भेद फार महत्त्वाचा वाटतो. आजार म्हटला की तो शिक्षिकेचा होतो, तिला समुपदेशन आणि गोळी सुचवली जाते. कामाच्या ठिकाणचा ताण म्हटला की ते ठिकाण तपासावे लागते. मराठीत यासाठी विद्वान मंडळी निरनिराळे शब्द घडवतात. मला बाईंचा 'संपणे' हाच शब्द पुरेसा वाटतो.

ते ठिकाण तपासायचे तर आधी तेथे काय शिकवले जाते हे पाहिले पाहिजे, आणि आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलेले नाही. मीही पाहिले नव्हते. वर्षानुवर्षे केसपेपरवर 'विशेष शाळा' असे दोन शब्द लिहून मी मोकळी होत होते. बाईंच्या वर्गात अकरा मुले होती आणि एक आया. हात धुणे हा एक धडा. त्याचे तुकडे पाडायचे: नळापाशी जाणे, नळ उघडणे, हात ओले करणे, साबण उचलणे, साबण चोळणे, खाली ठेवणे, आणि असेच हात पुसण्यापर्यंत. प्रत्येक तुकडा आधी हात धरून, मग नुसता हात लावून, मग खुणेने, मग तोंडी सांगून, मग न सांगता. एका मुलाला साबण खाली ठेवणे या एकाच पायरीसाठी पाच महिने लागले. मग उन्हाळ्याची सुट्टी आली. जूनमध्ये मूल परत आले ते नळ उघडण्याच्या पायरीवर. कारण घरी आजी हात धुवून देत होती. आजीचेही काही चुकले नव्हते.

साध्या शाळेतील शिक्षकाला वर्षातून एकदा तरी निकाल लागतो. काही मुले नापास होतात, पण काही पहिली येतात, आणि वीस वर्षांनी एखादा अभियंता रस्त्यात वाकून नमस्कार करतो. विशेष शिक्षिकेचे यश असे दाखवता येत नाही. "आमचा मुलगा आता पँटची चेन लावतो" हे आई आनंदाने सांगते, पण ते शेजारणीला सांगत नाही. मोजता न येणारी प्रगती दिसेनाशी होते. आणि दिसेनाशी झालेली प्रगती आपल्या हातून घडली यावर शिक्षिकेचा स्वतःचाच विश्वास हळूहळू बसेनासा होतो. मास्लाक यांचे तिसरे अंग ते हेच.

यात आपण डॉक्टर मंडळी कशी भर घालतो याचे आणखी एक उदाहरण सांगते, आणि ते सांगताना मला चिन्मयच्या वेळेपेक्षाही अवघड वाटते. चार वर्षांची एक मुलगी उशिरा बोलते म्हणून माझ्याकडे आली होती. वर्षभरात चंचलता वाढली, झोप उडाली, चेहऱ्याची ठेवण थोडी जाड वाटू लागली. तपासण्यांत सॅनफिलिपो विकार निघाला. आपण जाणतो की या विकारात मूल शिकलेले हळूहळू विसरत जाते आणि आज आपल्या हाती ते थांबवणारे औषध नाही. मी आई-वडिलांना सांगितले. घरात मुलीच्या मावशीचे लग्न ठरायचे होते. आनुवंशिक आजाराची वाच्यता नको, अशी त्यांनी हात जोडून विनंती केली. मी ती मानली. रुग्णाची गुप्तता पाळणे हा आपला धर्मच आहे. पण दीड वर्ष त्या मुलीची शिक्षिका रंगांची नावे शिकवत राहिली. सहा रंग येत होते ते चार झाले, चाराचे दोन झाले. तिने पद्धत बदलली, चित्रे बदलली, जेवणाच्या सुट्टीत जादा वेळ दिला, आणि शेवटी मुख्याध्यापकांना सांगितले की माझे शिकवणे कमी पडते आहे, या मुलीला दुसऱ्या कोणाकडे द्या. रोगाचा क्रम तिने स्वतःच्या नावावर मांडला. नाव न सांगताही मी पालकांच्या संमतीने एवढे तरी सांगू शकत होते की या मुलीच्या बाबतीत असलेले टिकवणे हेच यश समजा. पालकांना तशी संमती मागण्याचेही मला सुचले नाही.

या शिक्षिकांची मुले जातातही. तीव्र सेरेब्रल पाल्सीचे मूल फुफ्फुसात अन्न जाऊन न्यूमोनियाने जाते, अपस्माराचे मूल एखाद्या रात्री झोपेतच जाते. आपल्याकडे मृत्यूनंतर निदान एक बैठक होते, काय घडले ते बोलले जाते. शाळेत दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवर दुसरे मूल बसते.

शारीरिक कष्टांविषयी थोडक्यात लिहिते, कारण ते उघड आहेत आणि तरीही कोणी मोजत नाही. चौदा वर्षांच्या, पस्तीस-चाळीस किलोच्या मुलाला चाकाच्या खुर्चीतून उचलून संडासात बसवणे, वयात आलेल्या मुलींची पाळीच्या दिवसांतील स्वच्छता, घास भरवणे, लाळ पुसणे. आया आली नाही की हे सारे शिक्षिकेकडे. पाठदुखीसाठी माझ्या अस्थिरोगतज्ज्ञ मित्राकडे येणाऱ्या विशेष शिक्षिकांची संख्या, त्याच्याच शब्दांत, त्याच्याकडे येणाऱ्या हमालांपेक्षा कमी नाही. त्याने हे थट्टेने म्हटले होते, पण थट्टा वाटली नाही.

कष्टांहूनही अधिक खाते ती भूमिकेची संदिग्धता. १९७९ ते २०१३ या काळातील या विषयावरील संशोधनाचा आढावा घेणारा एक लेख २०१४ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाचा अनुभव आणि मुलांच्या अक्षमतेचा प्रकार यांबरोबरच, आपले नेमके काम काय हे स्पष्ट नसणे, एकाच वेळी परस्परविरोधी अपेक्षा असणे आणि वरिष्ठांचा आधार नसणे ही कारणे त्यात ठळकपणे पुढे आली. हे संशोधन बव्हंशी अमेरिकेतील, परंतु मी बाईंना ते वाचून दाखवले तेव्हा त्या म्हणाल्या, "आमच्या शाळेत कधी आले होते हे लोक?" त्या शिक्षिका होत्या, भौतिकोपचार तज्ज्ञ आठवड्यातून एकदाच येत म्हणून उरलेले दिवस भौतिकोपचारही त्यांनीच करायचा. दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी पालकांना रुग्णालयात कोणत्या खिडकीपाशी जायचे हे सांगायचे, यूडीआयडी कार्डाचा अर्ज संगणकावर भरायचा, राष्ट्रीय न्यासाच्या 'निरामय' विम्याचे कागद पुरे करायचे, रेल्वे सवलतीचा दाखला आणवायचा. शिवाय प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, त्याचा तिमाही आढावा, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यासाठी त्याची स्वच्छ प्रत. अकरा मुलांचे अकरा आराखडे. ते लिहायला लागणारा वेळ त्या मुलांनाच शिकवण्याच्या वेळेतून काढावा लागतो. आराखडा ही उत्तम कल्पना आहे. तो कोणी वाचत नाही हे मात्र लिहिणारीला पहिल्याच वर्षी कळते.

साध्या शाळांतून काम करणाऱ्या विशेष शिक्षकांची अवस्था निराळी, पण बरी नव्हे. सर्वसमावेशक शिक्षणाचे तत्त्व मला मनापासून मान्य आहे. परंतु साठ शिक्षकांच्या शाळेत एक विशेष शिक्षिका नेमली जाते, तिला जिन्याखालची खोली मिळते, आणि कोणी रजेवर गेले की बदली तासाला प्रथम तिला पाठवले जाते, कारण 'तुमच्याकडे तर चारच मुलं'. शिक्षकांच्या खोलीत 'तुमची मुलं' हा शब्दप्रयोग इतका सहज होतो की ती मुले त्याच शाळेच्या हजेरीपटावर आहेत हे कोणाच्या ध्यानात राहत नाही. अडचण आली तर सल्ला विचारायला त्या इमारतीत दुसरे कोणी नसते. आपल्यापैकी ज्यांनी खेड्यात एकट्याने प्राथमिक आरोग्य केंद्र चालवले आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या शहराला या क्षेत्राशी जुने नाते आहे. मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारने १९८४ साली येथे सिकंदराबादला, आज मनोविकासनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी सुरू केली. तिचे नाव आता बदलले आहे; 'मतिमंद' हा शब्द जाऊन 'बौद्धिक दिव्यांगजन' आले. देशभरच्या विशेष शाळांत वापरले जाणारे मूल्यमापनाचे काही प्रमुख तक्ते याच संस्थेत तयार झाले. काचीगुडा, बरकतपुरा, सुलतान बाजार या भागांतील आपल्या मराठी घरांतील काही मुली-सुनांनी तेथून शिक्षण घेतले, बाई त्यांपैकीच. भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्यानुसार विशेष शिक्षकाला नोंदणी आवश्यक असते आणि ती टिकवण्यासाठी आपल्यासारखेच ठरावीक मुदतीत सातत्य-शिक्षणाचे गुण मिळवावे लागतात. म्हणजे जबाबदारी व्यावसायिकाची. वेतन कशाचे, हे विचारू नये. खासगी संस्थांत ते संस्थेच्या देणग्यांवर हलते-डुलते राहते, आणि सरकारी योजनांत अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे कंत्राटी. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी दहा मुलांमागे एक, आणि पाचवीच्या पुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितले आणि राज्यांनी कायम पदे निर्माण करावीत असे बजावले. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पदे मंजूर करून जाहीर करा असा पुन्हा आदेश द्यावा लागला. मधल्या साडेतीन वर्षांत कितीजणी सोडून गेल्या असतील, याचा हिशेब कोणत्याच निकालात असत नाही.

आणि त्यांना वेतन मागण्याची सोय आपण समाज म्हणूनही ठेवलेली नाही. ३ डिसेंबरला, दिव्यांग दिनी, आपण त्यांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. मी स्वतः अशा दोन कार्यक्रमांत बोलले आहे आणि 'सेवा' हा शब्द मीही सढळ हाताने वापरला आहे. प्रत्येक वक्ता हेलन केलरच्या शिक्षिकेचा दाखला देतो. अ‍ॅन सलिव्हन १८८७ साली त्या मुलीकडे आल्या आणि १९३६ साली मृत्यू येईपर्यंत तिच्याजवळ राहिल्या, हे खरेच. पण ती एका मुलीची एक शिक्षिका होती, अकरा मुलांची नव्हे. 'तारे जमीन पर' हा २००७ चा चित्रपट आल्यावर तर कितीतरी पालकांना वाटू लागले की योग्य शिक्षक मिळाला की एका सत्रात सारे पालटते. तुमच्या मुलाचे पालटले नाही, म्हणजे शिक्षक योग्य नव्हता. एकदा 'सेवा' म्हटले की थकणे हे पाप ठरते आणि पगारवाढ मागणे हा लोभ. बाईंच्या घरी अशा सात शाली होत्या. "त्यांतल्या तीन आयाला दिल्या," त्या म्हणाल्या.

पालकांचा विषय नाजूक आहे. त्यांचे दुःख मी दररोज पाहते, आणि त्यांच्या रागाला शाळेशिवाय दुसरी जागा नसते हेही जाणते. डॉक्टरवर रागावता येत नाही, देवावर रागावून भागत नाही. शिक्षिका रोज दुपारी दाराशी उभी सापडते. तरीही त्यांच्या अपेक्षा येतात कोठून, हे विचारले पाहिजे. साडेतीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून आई-वडील आपल्यापुढे बसलेले असतात. निदान आपल्याला दिसत असते. पण बाहेर गर्दी असते, आईच्या डोळ्यांत पाणी असते, आणि आपण म्हणून जातो, "शाळेत घाला, मुलांत मिसळला की बोलेल." ते वाक्य आपल्या दृष्टीने धीराचे असते; घरी पोहोचेपर्यंत ते आश्वासन होते, आणि ते पुरे करण्याची जबाबदारी ज्या बाईंवर पडते त्यांना आपण ते दिले आहे याची कल्पनाही नसते. वर्षभराने मूल बोलले नाही की आजी म्हणते, डॉक्टरांनी तर सांगितले होते. मग कोणीतरी स्टेम सेलची जाहिरात दाखवते. स्वमग्नतेसाठी ती मान्यताप्राप्त उपचारपद्धती नाही हे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांतून पुरेसे स्पष्ट असूनही लाखो रुपये जातात. नंतरच्या सहा महिन्यांत मूल थोडे सुधारले तर श्रेय सुईचे, न सुधारले तर शाळेचे.

भाषेचाही एक काच येथे आहे, जो पुण्या-मुंबईकडच्या मंडळींच्या फारसा लक्षात येत नाही. आपल्या मुलाच्या कानांवर घरी मराठी, गल्लीत दख्खनी, आयाकडून तेलुगू आणि वर्गात इंग्रजी पडते. पूर्वी आपण स्वमग्न मुलांच्या पालकांना ठासून सांगत होतो की एकच भाषा ठेवा. म्हणजे घरातली मराठी बंद करा. किती आज्या माझ्या सांगण्यावरून नातवाशी गप्प झाल्या असतील! दोन भाषा ऐकल्याने स्वमग्न मुलाचे बोलणे आणखी मागे पडते असे दिसत नाही, हे आता अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. बाई मात्र पूर्वीपासूनच चित्रांचे पत्ते तिन्ही लिपींत, घरी रात्री बसून, स्वतःच्या पैशाने बनवत होत्या. कारण तयार साहित्य मिळते ते इंग्रजीत आणि त्यातल्या चित्रात नाश्त्याला टोस्ट असतो.

मास्लाक यांच्या दुसऱ्या अंगाविषयी, माणसाची वस्तू होण्याविषयी, बाई स्वतःहून बोलल्या. दहाव्या वर्षी कधीतरी आपण एका मुलाला नावाऐवजी 'तो सीपी' म्हणू लागलो हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. मी ऐकून घेतले. 'तीन नंबरचा मेनिंजायटिस' असे मी गेली तीस वर्षे म्हणत आले आहे, हे त्यांना सांगितले नाही.

त्यानंतर मी माझ्या कामात फार मोठे काही बदललेले नाही. विशेष शाळेत जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या केसपेपरला आता एक वेगळा अर्धा कागद जोडते. पालकांची संमती घेऊन त्यावर शिक्षिकेसाठी तीन-चार ओळी लिहिते: कोणते औषध कोणत्या तारखेपासून बदलले, वर्तनात काय फरक पडू शकतो, झटका आला तर किती मिनिटे थांबायचे आणि नाकातला फवारा केव्हा द्यायचा, आणि माझा दूरध्वनी क्रमांक. निम्मे कागद दप्तरातच राहतात. एका शाळेने 'डॉक्टरांनी आमच्या कामात ढवळाढवळ करू नये' असे कळवले. त्यांनाही पूर्वी कोणा डॉक्टराने दुखावले असावे. "शाळेत घातला की बोलेल" हे वाक्य सोडायला मात्र मला वर्ष लागले. त्याऐवजी काय म्हणावे हे अजूनही नीट जमत नाही.

वही बाईंनी जाताना माझ्याकडे ठेवली. शाळेत राहिली तर रद्दीत जाईल, म्हणाल्या. चिन्मयच्या वर्गावर चोवीस वर्षांची एक तेलुगू मुलगी रुजू झाली. तिला वही हवी होती, पण मराठी वाचता येईना. तेव्हा चिन्मयच्या आईने आणि मी चार रविवार बसून महत्त्वाची पाने इंग्रजीत उतरवून दिली. ते करताना आई दोन वेळा थांबली. बाईंना दूरध्वनी करावा का, असे तिने मला विचारले, आणि मी करा म्हटले. तिने केला की नाही, ते मी विचारले नाही.

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी बाह्यरुग्ण तपासणी चालू असतानाच त्या मुलीचा दूरध्वनी आला. "डॉक्टर, चौदा तारखेपासून चावणे पुन्हा वाढले आहे. जेवणाच्या सुट्टीनंतरच जास्त. औषध बदललेत का?" मी औषध बदललेले नव्हते. बाहेर गर्दी होती. तिला म्हटले, तुझ्या नोंदी घेऊन आजच ये आणि त्यालाही घेऊन ये. दुपारी तिघे आले, आई, ती आणि चिन्मय. त्याला तोंड उघडायला लावण्यात वीस मिनिटे गेली. खालची डावी दाढ किडली होती.